आरटीआयच्या फीचं पाकीट कपाटात, त्यातूनच झेरॉक्सचं बिल... हे चालतं का?

नवीन_टेबल:

नमस्कार मंडळी. मी एका तालुक्याच्या गावी राज्य शासनाच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक आहे, खातं सांगत नाही, समजून घ्या. बदल्या झाल्या आणि माहिती अधिकाराचं टेबल माझ्या गळ्यात आलं. चार्ज घेताना आधीच्या भाऊसाहेबांनी कपाटातून एक खाकी पाकीट काढून दिलं, वर स्केचपेनने 'मा.अ. निधी' लिहिलेलं, आत १,८४६ रुपये, रबरबँड लावलेल्या चिठ्ठ्या आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची बिलं. म्हणाले ताई, हा आपला निधी, अर्जदार पानांचे पैसे भरतो ते यात टाकायचे आणि झेरॉक्स, टपाल, गठ्ठ्याची सुतळी यातूनच भागवायचं, वरती कुणापुढे हात पसरायला नको. एवढं सांगून ते गेले.

पावतीपुस्तक आहे, अर्जदाराला पावती देतात, पण कॅशबुकात यातली एकही नोंद मला सापडली नाही.

सगळ्यात मोठी एंट्री म्हणजे एका अर्जदाराने १,१४० पानं मागितली होती, २ रुपयांनी २,२८० भरले रोख. आमच्या मशीनचं टोनर संपलेलं, म्हणून बाहेरून काढली, दीड रुपयाने १,७१० झाले, ते पाकिटातून दिले आणि उरलेले ५७० पाकिटात. म्हणजे वर 'नफा' पण झाला म्हणायचं :)

दुसरं, रजिस्टरला वर्षाचे १४० अर्ज दिसतात पण १० रुपयांच्या पावत्या फक्त ३८. बाकी १०२ चे १० रुपये कुठे गेले? विचारलं तर शिपाईकाका म्हणाले ते तिकीटवाले. म्हणजे काय?

आणि तिसरं जरा मोठं आहे. साहेब म्हणतात पाकीट चालू द्या, कुणाच्या खिशात तर जात नाही ना. मला पटत नाहीये पण त्यांचा मुद्दा पण समजतो, कारण टोनरसाठी पैसे मागितले की अनुदान आलं नाही एवढंच उत्तर येतं. मग सरकारच माहिती देण्याच्या खर्चासाठी एक वेगळा अधिकृत निधी का काढत नाही? फी त्यात जमा, खर्च त्यातून, विषय संपला. कुणी अकाउंट्सचं जाणकार असेल तर सांगा प्लीज, ऑडिट यायच्या आत.

रोकडवही_काका:

ताई, ३१ वर्षं लेखा शाखेत काढली, त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी पाकिटाचं. नाही चालत. अजिबात नाही. ऑफिसात सरकारच्या नावाने पावती फाडून जो पैसा आला तो ऑफिसचा नाही, राज्याच्या एकत्रित निधीचा (म्हणजे सरकारी तिजोरीचा) आहे, घटनेचं कलम २६६. महाराष्ट्र कोषागार नियम १९६८ हेच सांगतात, आलेली रक्कम विनाविलंब आणि पूर्ण भरायची, मोजके अपवाद सोडले तर खात्याच्या खर्चाला परस्पर वापरायची नाही. तुमच्या केसमध्ये २,२८० आले तर २,२८० चंच चलन निघायला हवं होतं. झेरॉक्सवाल्याचे १,७१० हा पूर्ण वेगळा व्यवहार, तो कार्यालयीन खर्चाच्या तरतुदीतून, बिल लावून, मंजुरी घेऊन. आवक एका नळाने वर जाते, खर्च दुसऱ्या नळाने खाली येतो, मधे बादली ठेवायची नाही. तुमच्या भाऊसाहेबांनी बादली ठेवली. चोरी केली असं मी म्हणत नाही, बिलं जपून ठेवलीत म्हणजे माणूस सरळ असणार, पण ऑडिटवाला बिलं बघण्याआधी कॅशबुक बघतो.

आता काय करा ते सांगतो. साहेबांच्या समोर आणि अजून एकजण साक्षीला घेऊन पाकीट मोजा, कागदावर सह्या घ्या. हातात आहेत ते १,८४६ कॅशबुकात जमेला घ्या आणि ग्रासवर (सरकारी भरण्याची ऑनलाईन यंत्रणा) चलन काढून भरून टाका. लेखाशीर्ष (पैसे कुठल्या सदराला जमा करायचे तो क्रमांक) ००७० इतर प्रशासकीय सेवा, त्याच्या खालचे पूर्ण आकडे तुमच्या उपकोषागारात विचारा, अंदाजाने टाकू नका, चुकीच्या शीर्षाला गेलेले पैसे परत फिरवताना जीव जातो. आणि पावतीपुस्तकातल्या एकूण जमेतून भरलेले वजा जाता किती राहतात ते काढून साहेबांना टिपणी द्या. त्या फरकाचं काय करायचं हे साहेब आहरण संवितरण अधिकारी (कोषागारातून पैसे काढून खर्च करायचा अधिकार असलेले) म्हणून ठरवतील, ते तुमच्या पातळीचं काम नाही. स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसायचा मोह होईल, तसं करू नका, मग तुम्ही का भरले याचं उत्तर देत बसाल. चार्ज यादीत 'पाकीट, आत रोख अमुक' असं लिहून घेतलंय का? नसेल तर आजच जुन्या भाऊसाहेबांना फोन लावा.

१०२ अर्जांचं सोपं आहे. शिपाईकाका तिकीट म्हणाले ते कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्राच्या २००५ च्या नियमात १० रुपये फी रोख, डीडी, बँकर्स चेक किंवा कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. स्टॅम्प विकला तेव्हाच ते १० रुपये सरकारला मिळाले, मुद्रांकाच्या शीर्षाला, ००३०. तुमच्या कॅशबुकात ते कधीच दिसणार नाहीत आणि दिसायलाही नकोत. तुम्ही फक्त स्टॅम्प रद्द केला का ते बघा, म्हणजे पंच मारलाय किंवा आडवी सही शिक्का आहे का. नसेल तर तोच स्टॅम्प सोलून दुसऱ्या अर्जावर जायचा धोका, असले उद्योग मी बघितलेत.

निधीचं संध्याकाळी लिहितो, नातवाला क्लासला सोडायचंय.

पंचायत_वाला:

काकांचं बरोबर पण एक जोड देतो, नाहीतर इथले ग्रामपंचायतवाले वाचून घाबरतील. आमच्याकडे चित्र वेगळं आहे. मी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक, २०२४ पासून नाव बदललं, काम तेच). आम्हाला ग्रामपंचायत कायद्यानेच स्वतःचा ग्रामनिधी आहे, कलम ५७. आरटीआयचे पैसे आले की नमुना ७ ची सामान्य पावती फाडायची, नमुना ५ ला (रोकडवहीत) घ्यायचे आणि बँकेत ग्रामनिधीच्या खात्यावर. झेरॉक्सचा खर्च पण त्याच ग्रामनिधीतून. म्हणजे ताई जे म्हणतायत ते आमच्याकडे जवळपास आहेच.

पण त्यातही २,२८० वजा १,७१० करून ५७० जमा असं लिहायचं नाही बरं का. जमा पूर्ण दाखवायची, खर्च वेगळा व्हाउचर लावून दाखवायचा. आमच्या इथे एकाने वजाबाकी करून निव्वळ रक्कम लिहिली होती, पुढे दोन वर्षं तो आक्षेप निघता निघेना. नगरपालिकांचं पण असंच, त्यांचा त्यांचा निधी असतो.

अर्ज_क्रमांक_सात:

मी टेबलाच्या अलीकडचा, म्हणजे अर्ज करणारा. वाचून मजा आली आणि थोडा रागही आला. आम्ही भरलेल्या २ रुपयांचं पाकीट होतं हे माहितीच नव्हतं.

ताई तुमच्यावर रोख नाही, पण एक बघा, पानांचे पैसे मागायचं पत्र तुम्ही कसं देता? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७(३) प्रमाणे त्यात किती पानं, कसा हिशोब केला, एकूण किती आणि हिशोब मान्य नसेल तर अपील कुणाकडे हे सगळं यायला पाहिजे. मला एकदा नुसतं 'रु. ६०० भरावेत' असं एका ओळीचं पत्र आलं, ते पण २८ व्या दिवशी. गेलो तर म्हणे अंदाजे लिहिलंय, नंतर बघू. अंदाजे कसं काय? पानं मोजा ना.

आणि हे पत्र तुमच्याही फायद्याचं आहे, कारण पत्र पाठवल्यापासून मी पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मधे धरत नाहीत. ३० दिवस उलटले की ७(६) लागतं, मग कितीही पानं असोत, फुकट द्यावी लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडून तर पहिल्यापासूनच काही घ्यायचं नाही. मग तुमचा तो वेगळा निधी कशावर चालणार? ज्या ऑफिसात सगळ्यात जास्त उशीर तिथे निधी रिकामा आणि खर्च सगळ्यात जास्त.

वैतागलेला_बाबू:

सगळं कायद्याचं ज्ञान ठीके हो पण प्रत्यक्षात या खुर्चीवर बसून बघा. एकच माणूस महिन्याला ९ अर्ज टाकतो, सगळ्यात 'मागील १० वर्षांच्या सर्व नस्त्यांच्या छायांकित प्रती'. १५० शब्दांची आणि एका विषयाची अट २०१२ ला नियमात आली तरी फरक नाही, १५० शब्दात पण माणूस अख्खं रेकॉर्ड रूम मागू शकतो. २ रुपयात कागद आला, टोनर आलं, पण दोन माणसं तीन दिवस दप्तर उपसतात त्याचे पैसे कोण देतं? फी १० ची ५० करा, पान ५ रुपये करा, आणि तो निधी ऑफिसला ठेवू द्या, बघा कसे अर्ज कमी होतात ते.

अर्ज_क्रमांक_सात:

म्हणजे खर्च भागवायला नाही, अर्ज कमी करायला फी हवीय, स्पष्टच बोललात बरं झालं. कलम ७(५) मधे फी वाजवी असावी असं लिहिलंय. माणसांच्या पगाराचा खर्च अर्जदारावर टाकता येत नाही, दप्तर सांभाळणं हे ऑफिसचं काम आहे आणि त्याचा पगार आम्ही करातून भरतोच. ९ अर्ज टाकणारा माणूस मलाही आवडत नाही, पण त्याला सांगा ना की या आणि नस्त्या बघून घ्या, पाहिजे ती पानं खुणा करून द्या. मी स्वतः एकदा ४०० पानं मागितली होती, तिथल्या बाईंनी मला बसवून फाईल दाखवली, मी ११ पानं घेतली. २२ रुपये. दोघांचाही वेळ वाचला.

रोकडवही_काका:

आलो. भांडू नका, दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. वेगळा निधी का नाही. ऐकायला सोपं वाटतं, मी पण तरुणपणी एका मीटिंगमधे हीच सूचना केली होती आणि उपसंचालकांनी हसून खाली बसवलं होतं. समजा सरकारने उद्या 'माहिती खर्च निधी' काढला. तरी फी काय थेट त्या निधीत पडणार नाही. आपल्याकडे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण रोजगार हमीचं आहे. आपल्या पगारातून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० व्यवसाय कर कापतात ना, तो १९७५ चा कायदा, मुळात रोजगार हमीसाठी आणलेला. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने निधी पण काढला. पण तिथेसुद्धा कर आधी एकत्रित निधीत जातो, मग विधिमंडळाने विनियोजन मंजूर केल्यावर ती रक्कम निधीत वळती होते. म्हणजे वाट तीच, वर जाऊन खाली यायची, फक्त एक टप्पा जास्त. जो निधी सबंध राज्याच्या मजुरांसाठी काढला त्याला ही वाट चुकली नाही, तुमच्या १,८४६ ला कशी चुकेल.

दुसरा रस्ता लोक सुचवतात तो पीएलएचा, स्वीय प्रपंजी लेखा. अधिकाऱ्याच्या नावाने कोषागारात खातं, त्यातून तो खर्च करतो. पण त्याला वित्त विभागाची परवानगी लागते, वर्षअखेरीस ताळमेळ लागतो, शिल्लक पडून राहिली की महालेखापालांच्या अहवालात नाव येतं. झेरॉक्ससाठी पीएलए म्हणजे मुंगी मारायला रणगाडा.

आणि हिशोब तर करून बघा. तुमचे १४० अर्ज, त्यातले १०२ स्टॅम्पवाले, त्यांचे पैसे मुद्रांकाकडे. राहिले ३८ चे ३८० रुपये आणि पानांचे जे काय येतील ते. त्यातून ७(६) वाले फुकट, दारिद्र्यरेषेवाले फुकट. माहिती आयोगाने कलम १९(८)(ख) खाली अर्जदाराला नुकसानभरपाई द्यायला सांगितली तर तीही ऑफिसलाच द्यायची आहे (कलम २० चा २५० रुपये रोजचा आणि २५,००० पर्यंतचा दंड वेगळा, तो अधिकाऱ्याच्या स्वतःच्या पगारातून जातो आणि सरकारजमा होतो, अर्जदाराला नाही, पुष्कळ लोक यात गल्लत करतात). असला निधी पहिल्याच वर्षी उणे जाईल. मग उण्याची भरपाई कुठून? परत कार्यालयीन खर्चातूनच. मग निधी कशाला काढला?

खरं दुखणं टोनरचं आहे, निधीचं नाही. त्याला उपाय कंटाळवाणा आहे, अंदाजपत्रक पाठवताना कार्यालयीन खर्चात माहिती अधिकाराचा आकडा सुटा दाखवून मागा. गेल्या वर्षी किती पानं दिली, फुकट किती दिली, टपाल किती, असा तक्ता जोडा. कलम २५ च्या वार्षिक माहितीसाठी किती फी जमा झाली हे तसंही प्रत्येक ऑफिसला द्यावंच लागतं, तोच तक्ता थोडा वाढवा. मागितलेलं सगळं मिळेल असं नाही, बीम्सवर (तरतूद वाटायची सरकारी ऑनलाईन यंत्रणा) तरतूद हप्त्याहप्त्याने येते हे मला माहिताय, पण नुसतं 'टोनर संपले' या पत्रापेक्षा आकड्याच्या पत्राला वजन असतं. आणि किरकोळीसाठी स्थायी अग्रिम (ऑफिसात कायम ठेवायची ठराविक रोख) मंजूर आहे का ते बघा, बऱ्याच ऑफिसात मंजूर असतो आणि कुणाला आठवतच नाही. सुतळी, टपाल त्यातून करा, व्हाउचर लावा, भरपाई घ्या. तो खरा अधिकृत पाकीट समजा.

पंचायत_वाला:

+१ तक्त्याला. अजून एक, जी माहिती सारखी सारखी मागतात ती कलम ४(१)(ख) मधे (ऑफिसने स्वतःहून जाहीर करायची माहिती) टाकून भिंतीवर नाहीतर वेबसाईटवर लावून टाका. आम्ही घरकुल यादी आणि कामांची अंदाजपत्रकं ऑफिसबाहेर लावायला लागलो, त्यावरचे अर्ज निम्म्याने तरी घटले असतील, मोजले नाहीत पण टेबल बघून कळतं. गोव्यात १९९७ लाच स्वतःचा माहिती कायदा होता आणि आपल्याकडे पण केंद्राच्या आधी २००२ चा होता, म्हणजे सवय लागायला २० वर्षं मिळालीत आपल्याला.

वैतागलेला_बाबू:

वेबसाईट कोण अपडेट करणार, पासवर्ड ज्याच्याकडे होता तो रिटायर झाला. बाकी काकांचं स्थायी अग्रिमाचं पटलं, उद्या बघतो आमच्याकडे आहे का.

नवीन_टेबल:

सगळ्यांचे आभार, काका तुम्हाला विशेष. उशिरा लिहितेय कारण बरंच झालं मधल्या दिवसात.

पाकीट मोजलं साहेबांसमोर, १,८४६ च होते, चलन काढून भरले. उपकोषागारातल्या मॅडमनी शीर्ष नीट सांगितलं. जुन्या भाऊसाहेबांना फोन केला, आधी चिडले, मग म्हणाले मलाही असंच पाकीट मिळालं होतं आधीच्याकडून. साहेबांना टिपणी दिली तेव्हा ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग सगळी जुनी पावतीपुस्तकं काढायला सांगितली, आता ५ पुस्तकं टेबलावर आहेत आणि बेरजा चालू आहेत. स्थायी अग्रिम आमच्याकडे खरंच मंजूर निघाला, १,००० रुपये, कॅशिअरच्या ड्रॉवरमधे चहापत्तीच्या डब्याखाली :) टोनर अजून नाही.

आणि आता ऐका. काल तोच १,१४० पानांवाला अर्जदार परत आला, नवीन अर्ज, 'मी भरलेल्या रु. २,२८० चा भरणा ज्या चलनाने शासनजमा केला त्या चलनाची प्रत मिळावी.' इथलं वाचतो की काय देव जाणे. तसं चलनच नाही, मग काय उत्तर देऊ?

रोकडवही_काका:

जे रेकॉर्डला आहे तेच द्या, नवीन कागद तयार करायचा नाही. त्याच्या पावतीची स्थळप्रत आणि पाकीट मोजल्याच्या सह्यांचा कागद, आणि त्या रकमेचं स्वतंत्र चलन अभिलेखात उपलब्ध नाही असं पत्रात स्पष्ट लिहा, जन माहिती अधिकाऱ्याच्या सहीने. लपवाल तर अपिलात निघेल. पानं २, हिशोबाचं पत्र आधी पाठवा.

अर्ज_क्रमांक_सात:

तो मी नाही, आधीच सांगतो :)

नवीन_टेबल:

पाठवलं पत्र. २ पानं गुणिले २ रुपये, एकूण ४, खाली अपिलीय अधिकाऱ्याचं पद आणि पत्ता. आज येऊन भरून गेले, पावती दिली, आणि त्यांच्यासमोरच कॅशबुकात घेतले.